घाटवाट आणि लेणी

मुंबईहून पुण्यास जाणारा जुना महामार्ग बोरघाट चढून लोणावळ्यापुढे गेला, की दोन्ही अंगांस डोंगर दिसू लागतात. उत्तरेस कार्ल्याची लेणी. दक्षिणेस भाज्याची लेणी आणि त्यांच्या माथ्याकडे लोहगड-विसापूर ही दुर्गांची जोडी. दुपारचे भोजन आटोपून निघालेल्या प्रवाशाने कार्ल्याच्या फाट्यावर वळावे, पायऱ्यांनी डोंगर चढावा, चैत्यगृह पाहावे आणि दिवेलागणीपूर्वी पुन्हा रस्त्याला लागावे, इतके हे स्थान सुगम आहे. या सुगमतेचे श्रेय आपण सहजच नव्या रस्त्याला देतो. वस्तुतः रस्ता लेण्यांजवळ आला नाही. लेणीच रस्त्याजवळ आली.

भिक्षूंनी निव्वळ एकांतासाठी गिरिकंदरे शोधली, ही समजूत अर्धीच खरी आहे. वर्षाकाळी एके ठिकाणी राहावे आणि भिक्षेवर निर्वाह करावा, हा त्यांचा नियम. म्हणून गलबल्यापासून दूर, परंतु रहदारीपासून जवळ अशी जागा त्यांस हवी असे. सोपारा व कल्याण या बंदरांतून देशावर येणारा व्यापार याच घाटाने वर चढे. भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरली गेली. कार्ल्याचे सुमारे १२४ फूट लांबीचे चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील. त्याच्या छताच्या लाकडी कमानी आजही जागेवर आहेत.

हे चैत्यगृह कोणा एका राजाच्या खजिन्यातून उभे राहिले नाही. धेनुकाकट येथील यवनांनी खांब दिले, एका गंध्याने व एका सुताराने दरवाजाच्या कामास हातभार लावला, असे तेथील शिलालेखच सांगतात. नहपानाचा जामात उषवदात याने तेथील भिक्षूंच्या वर्षावासासाठी करजिक हे गाव दिले. आणि जंबुद्वीपातील हे उत्तम शैलगृह आपण पूर्णतेस नेले, असे अभिमानाने कोरविणारा श्रेष्ठी भूतपाल हा होता वैजयंतीचा. वैजयंती म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातील बनवासी, असे विद्वान मानतात.

पुढे याच वाटेवर लोहगडाने पहारा ठेवला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला व १६७० मध्ये स्वराज्यात परत आला. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला. घाटात १८३० मध्ये गाडीरस्ता, १८६३ मध्ये लोहमार्ग आणि २००२ पर्यंत द्रुतगती मार्ग झाला. वाहने पालटली, दिशा तीच राहिली.

बेळगाव-कारवारकडील वाचकाने कार्ल्याच्या ओवरीत उभे राहून भूतपालाची अक्षरे अवश्य पाहावीत. आपल्या प्रांतांच्या सीमा अलीकडच्या आहेत. बनवासीच्या धनाने सह्याद्रीचा पाषाण कोरला गेला, त्या दिवसांत माणसांना जोडणारी वाटच तेवढी ठाऊक होती.