फाळणीचा इतिहास आणि आभासी वास्तव

१९४७ च्या फाळणीत १ कोटीहून अधिक लोक विस्थापित झाले. मृतांचे अंदाज मात्र २ लाखांपासून २० लाखांपर्यंत भिन्न आहेत. विद्यार्थी हे आकडे पाठ करतो. त्यामागचा माणूस त्याला दिसत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांनी २०१८ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रोजेक्ट दास्तान’ने विस्थापित वृद्धांना त्यांची मूळ गावे आभासी वास्तवाच्या साह्याने दाखविली. २०२२ च्या सनडान्स महोत्सवात आलेल्या त्यांच्या ‘चाइल्ड ऑफ एम्पायर’मध्ये एका हिंदू व एका मुस्लिम मुलाचे परस्परविरुद्ध दिशांचे स्थलांतर प्रेक्षक अनुभवतो.

हा दुहेरीपणा महत्त्वाचा आहे. अनुभव जितका जिवंत, तितका तोच पूर्ण सत्य वाटण्याचा धोका अधिक. मराठवाड्यापुरते बोलायचे, तर रझाकारांचे अत्याचार दाखवून १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरची, सुंदरलाल समितीने नोंदविलेली मुस्लिमांची हत्याकांडे वगळली, किंवा याच्या उलट केले, तर ते साधन इतिहासाचे न राहता द्वेषाचे होईल.

म्हणून चष्मा उतरविल्यावर अध्यापकाने विद्यार्थ्यांच्या हाती कागदपत्रे द्यावीत. कोणाची साक्ष आली आणि कोणाची राहिली, हा प्रश्न यंत्र विचारत नाही. तो वर्गातच विचारला गेला पाहिजे.