फाइलच्या नावात तिचे ठिकाण असावे का? (थ्रेड)

१/ वेब-पत्त्यात दोन तिरप्या रेघा का असतात? उत्तरासाठी वेबच्या जन्माआधीच्या एका प्रश्नाकडे जावे लागते : दुसऱ्या संगणकावरील फाइलला हाक कोणत्या नावाने मारावी?

२/ १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये जन्मलेल्या युनिक्समध्ये साऱ्या फाइली एकाच वृक्षावर असतात. त्याच्या मुळाचे चिन्ह एक तिरपी रेघ. यंत्रे एकमेकांना जोडली गेली आणि पेच पडला : वृक्ष अनेक, मुळेही अनेक.

३/ बेल लॅब्जच्याच यूयूसीपीने यंत्राचे नाव, उद्गारचिन्ह आणि मग फाइल अशी रीत पाडली. टपालासाठी तर वाटेतील प्रत्येक यंत्र क्रमाने लिहावे लागे. नाव म्हणजे जणू प्रवासमार्गच. मधले एक यंत्र बंद पडले की पत्ता निरुपयोगी.

४/ १९८२ मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातील ब्राउनब्रिज, मार्शल आणि रँडेल यांनी मार्मिक तोड काढली. युनिक्समध्ये दोन टिंबे म्हणजे 'एक पायरी वर'; मुळाच्या वर मात्र काहीच नसते. त्यांनी तिथेही एक पायरी कल्पिली : '/../यंत्र/फाइल'. त्यासाठी ना जुने प्रोग्रॅम बदलावे लागले, ना युनिक्सचा गाभा.

५/ अपोलो कंपनीच्या डोमेन प्रणालीने हेच दोन रेघांत साधले. एक रेघ म्हणजे आपल्या यंत्राचे मूळ, दोन रेघा म्हणजे साऱ्या जाळ्याचे.

६/ सन मायक्रोसिस्टिम्सच्या एनएफएसने नावातून यंत्रच पुसले. दूरची शाखा आपल्या वृक्षावर कलम करायची. फाइल घरचीच वाटते. मात्र कलम कुठे करायचे, हे ज्याचे तो ठरवी. त्यामुळे एकाच फाइलला दोन यंत्रांवर दोन नावे पडू शकत. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या अँड्र्यू प्रणालीने म्हणूनच '/एएफएस' या एका मुळाखाली सर्वांना समान नाव दिले.

७/ पुढे टिम बर्नर्स-ली यांनी वेब-पत्त्यासाठी अपोलोच्या दोन रेघा उचलल्या. त्या टाळता आल्या असत्या, अशी कबुली त्यांनी २००९ मध्ये दिली.

८/ रेघांपेक्षा मोठा वारसा वेगळाच आहे. वेब-पत्त्यात यजमानाचे नाव पुन्हा आले. संकेतस्थळ मिटले की दस्तऐवज अन्यत्र सुरक्षित असला तरी जुना संदर्भ मुका होतो. उद्याच्या इतिहासकाराची साधने आज याच पत्त्यांनी नोंदवली जात आहेत. म्हणून पत्त्यासोबत लेखक, शीर्षक आणि दिनांकही टिपून ठेवावा : ठिकाण हरवले, तरी त्या खुणांवरून दस्तऐवजाचा माग काढता येतो.