कुळशोध, दप्तरी : पाली (ता. बीड) व मराठवाडा

कुळशोध, दप्तरी : जन्म-मृत्यूच्या सलग नोंदी नसलेल्या काळातील घराण्याच्या पिढ्या जमिनीच्या आणि न्यायनिवाड्याच्या कागदांवरून जुळवण्याची रीत. मराठवाड्यात या रीतीचा वापर पूर्वी मुख्यतः वतन, इनाम व वाटपाच्या तंट्यांपुरता होता. 2023 नंतर कुणबी नोंदींच्या शोधामुळे ती घरोघरी पोचली. दप्तरात घराणे उमटते ते प्रामुख्याने दोन कारणांनी : जमिनीवर सारा असतो म्हणून, किंवा जमिनीवरून भांडण होते म्हणून. ज्या घरात कज्जा झाला त्याच्या सात पिढ्या सापडतात. ज्या घरात सगळे गुण्यागोविंदाने नांदले त्याची एक पिढीही कधी कधी हाती लागत नाही.

पाली : बीडच्या दक्षिणेस, मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या धुळे–सोलापूर महामार्गावरील गाव. बिंदुसरा नदीवरील धरण गावाजवळ आहे. गावची चालू कागदपत्रे बीड तहसील, तालुका भूमी अभिलेख व दुय्यम निबंधक कार्यालयांत.

मराठेकालीन साधने : बीड परिसर 1724 नंतर निजामाच्या अमलाखाली होता, मात्र चौथाई-सरदेशमुखीमुळे अनेक गावांत मराठ्यांचेही कमाविसदार वावरत. राक्षसभुवनची लढाई (10 ऑगस्ट 1763) याच जिल्ह्यातील गोदाकाठी झाली. या दोअमली कारभारामुळे एकाच गावाचे कागद फार्सीत आणि मोडीत, हैदराबादेत आणि पुण्यात, असे विभागले गेले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात सुमारे 35 हजार रुमाल आहेत. गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात त्यांतील निवडक कागद 45 खंडांत छापले. ते मुख्यतः राजकारणाचे आहेत, कुळशोधकाला लागणारे गावझाडे व जमाव मात्र बहुतांशी न छापलेल्या रुमालांत राहिले.

घराण्यासाठी सर्वांत मोलाचा कागद म्हणजे महजर. पाटीलकी, कुलकर्ण किंवा देशमुखीचा तंटा गोतसभेपुढे आला की अग्रवादी व पश्चिमवादी आपापली तकरीर लिहून देत. तकरिरीबरोबर करीना असे : मूळपुरुष कोण, त्याला मुलगे किती, थोरली पाती कोणती, धाकटी कोणती, कोण दुष्काळात परागंदा झाला, कोणाच्या पोटी संतान नाही. दोघेही राजीनामा व जामीनकतबा देऊन निकाल मान्य करण्यास बांधले जात. निवाडा झाल्यावर जिंकणाऱ्याकडून सरकार हरकी (निकालाची रक्कम) घेई आणि हरणारा यजितखत (हार मान्य केल्याचा कागद) लिहून देई. महजराच्या शेवटी हजीर मजालसीची नावे व निशाण्या येतात : पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, शिंप्याची कात्री, सुताराचे किंकरे. मुख्य वादात ज्यांचा काडीचा संबंध नाही अशी बलुतेदार घराणी बहुधा या साक्षीच्या यादीतच प्रथम भेटतात. करीना मात्र पक्षकाराने स्वतःच्या दाव्यासाठी रचलेला असतो. त्यातील पहिल्या दोन-तीन पिढ्या दोन्ही बाजूंच्या करीन्यांत जुळल्या तरच धराव्यात असा संकेत आहे.

दुसरे साधन थळझाडा. यात गावची काळी थळवार मांडलेली असते आणि थळाला मूळ मिरासदार घराण्याचे नाव असते. ते घराणे नामशेष झाले तरी थळाचे नाव टिकते व जमीन गतकुळी म्हणून लिहिली जाते. इंग्रज अधिकारी साइक्स याने 1830 च्या दशकात दख्खनच्या जमीनधारेवर लिहिताना या थळांकडे लक्ष वेधले. गावातून पुरते उठून गेलेल्या घराण्याचा माग घेण्यास याहून सोपा कागद क्वचितच मिळतो.

कालगणना : मराठी कागदांत सुहूर सन येतो. तो मृगात बदलतो. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतो. निजामी कागदांत फसली सन असतो. उत्तरकालीन हैदराबादी फसलीचा वर्षारंभ ऑक्टोबरात, आजूर महिन्याच्या पहिल्या तारखेला होई. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तारखेस 590 आणि पुढील महिन्यांस 591 मिळवावे लागतात. पोलिस कारवाईचा सप्टेंबर 1948 हा या हिशेबाने फसली 1357 मध्ये पडतो. हा आकडा चुकल्यास एका वर्षाच्या फरकाने बापाच्या मृत्यूपूर्वीच मुलाच्या नावे विरासत झाल्याचे दिसू लागते.

निजामकालीन महसूल दप्तर : पहिला सालारजंग (दिवाण, 1853–83) याच्या सुधारणांत 1865 मध्ये जिल्हाबंदी झाली व तालुकादार, तहसीलदार अशी उतरंड बसली. त्यानंतर पैमाइश व जमाबंदी होऊन सर्व्हे नंबर पडले. हैदराबादचा जमीन महसूल कायदा फसली 1317 (1907-08) चा. त्यातील पट्टेदार व शिकमीदार हा भेद कुळशोधात निर्णायक ठरतो. पट्टा थोरल्या भावाच्या नावे असे. धाकटे भाऊ किंवा चुलते शिकमीदार म्हणून खाली येत. केवळ पट्टेदाराची नावे उतरवून काढणारा घराण्याची एकच फांदी उचलतो आणि बाकीचे भाऊबंद गळतात.

नाव लिहिण्याची पद्धत ‘अमुक वल्द तमुक’ अशी. विवाहित स्त्री ‘अमुक भ्र. तमुक’, म्हणजे भ्रताराच्या नावासह. आडनाव बहुधा नसते. त्यातच नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची रूढी. त्यामुळे ‘सटवा वल्द रामा’, पुढे ‘रामा वल्द सटवा’ आणि पुन्हा ‘सटवा वल्द रामा’ अशी साखळी बनते आणि पहिला व तिसरा एकच माणूस समजला जातो. यावर उपाय म्हणजे नावाऐवजी सर्व्हे नंबर, क्षेत्र व आकार यांचा पाठपुरावा करणे. माणसे बदलतात, पण 14 एकर 22 गुंठ्यांचा तुकडा पुढच्या वहीत तितकाच असतो किंवा त्याची वाटणी झालेली दिसते.

गावपातळीवर पटवारी मोडी मराठीत लिही. तालुक्यापासून वर उर्दू. राज्याच्या कारभारात फार्सीची जागा उर्दूने 1884 च्या सुमारास घेतली. त्यामुळे एका वारसाचे नाव मोडीतून शिकस्ता उर्दूत व नंतर देवनागरीत असा प्रवास करते. उर्दूत नुक्ते गळले की ‘बाबा’ आणि ‘नाना’ एकमेकांच्या जागी येतात.

खालसा, सर्फेखास (निजामाच्या खाजगी) व जहागिरी गावांची दप्तरे निरनिराळी होती. जहागिरी 1949 च्या विनियमाने संपुष्टात आल्या. पटवारीपण वंशपरंपरेचे असल्याने बस्ते पटवाऱ्याच्या वाड्यातच राहत. त्यांतील काही आजही खाजगी घरांत आहेत.

अतियात व विरासत : इनाम, मददमाश, खिदमतमाश आणि रोख सालिन्यांची चौकशी अतियात खाते करी. इनामदार मयत झाला की वारसाला विरासत मंजूर करून घ्यावी लागे आणि अर्जासोबत शजरा, म्हणजे वंशवृक्ष, जोडावा लागे. मंजुरीनंतर मुंतखब (मंजुरीचा दाखला) निघे. मूळ इनाम मिळवणाऱ्यापासून तत्कालीन वारसापर्यंतचा, सरकारने तपासलेला वंशवृक्ष देणारे हे एकमेव दप्तर असल्याने देवस्थानचे पुजारी, मुजावर, काझी, देशमुख, देशपांडे अशी घराणी सामान्य शेतकरी घराण्यांपेक्षा कितीतरी मागे नेता येतात. 1952 च्या अतियात चौकशी कायद्याने ही चौकशी पुढे चालू राहिली. 1954 च्या कायद्याने बहुतेक इनामे रद्द झाली, मात्र धर्मादाय सेवेची इनामे राहिली आणि त्यांच्यासंबंधीचे वादही राहिले. हैदराबाद (तारनाका) येथील राज्य अभिलेखागारात दफ्तर-इ-दिवाणी, दफ्तर-इ-माल इत्यादी संग्रह आहेत.

खासरा पत्रक ते सातबारा : 1954-55 चे खासरा पत्रक हा मराठवाड्यातील शोधाचा पाया मानला जातो. त्याआधीचे 1951-52 चे पाहणी पत्रक, 1951 च्या जनगणनेवेळचे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर, हैदराबाद कुळवहिवाट कायदा 1950 खालील कुळ नोंदवही आणि गाव नमुना 14 (जन्म-मृत्यू) हे त्याचे जोडकागद. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 लागू झाल्यावर गाव नमुने राज्यभर एकसारखे झाले.

शोध उलट दिशेने चालतो. आजच्या सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतात. त्यातील सर्वांत जुना क्रमांक घेऊन गाव नमुना 6 (फेरफार नोंदवही) उघडायची. वारस फेरफाराचा साचा ठरलेला : मयत खातेदाराचे नाव, मृत्यूची तारीख, वर्दी देणारा, वारसांची नावे-वये-नाती, नोटीस बजावल्याची नोंद, आणि मंडळ अधिकाऱ्याचा मंजुरीचा शेरा. शेऱ्यात ‘हरकत आली’ असे असेल तर शोधकाचे नशीब उघडले. हरकतीची नोंद तक्रार रजिस्टरात जाते आणि तेथे जबाबांतून सावत्र भाऊ, दत्तक मुलगा, दुसरी बायको असे सगळे वाड्यातले बाहेर येते. ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंबाचा मॅनेजर) व ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) ही अक्षरेही वाचावीत. पहिल्याचा अर्थ मागे आणखी भाऊ आहेत, दुसऱ्याचा अर्थ बाप लवकर गेला. गटवारीनंतर सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. दोन्हींचा मेळ घालणारा उतारा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. तो न घेता केलेला शोध शेजाऱ्याच्या घराण्यात शिरण्याचा संभव असतो. धरण, रस्ता किंवा तलावासाठी जमीन गेली असल्यास संपादनाचा निवाडा पाहावा. मोबदला वाटायचा असल्याने त्यात सहसा एकही हिस्सेदार सुटत नाही.

न्यायालयीन कागद : वाटपाच्या दाव्यात (रे. मु. नं., म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर) वादपत्रातच वंशावळ द्यावी लागते आणि प्रतिवादी तिच्यातील चुका स्वखर्चाने दाखवून देतो, म्हणून कैफियतीशिवाय केवळ वादपत्र नकलून घेणे अर्धवट काम ठरते. जुन्या प्रकरणांत सामान्यतः निकाल व हुकूमनामा राहतो, जबान्या ठरावीक मुदतीनंतर नष्ट केल्या जातात. दुय्यम निबंधकाकडील खरेदीखत, साठेखत, बटईपत्रक, दत्तकविधानपत्र, मृत्युपत्र व तडजोडपत्र यांत पक्षकारांची नाती येतात. पोलिस व कारागृहाच्या नोंदवह्यांतही वडिलांचे नाव, गाव व जात लिहिलेली आढळते.

स्त्रिया : विधवा सज्ञान वारस नसताना खातेदार म्हणून येते. मुली 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर वारस फेरफारात दिसू लागतात, आणि बहुधा लगेच पुढच्या फेरफारात हक्कसोडीने वजा होतात. 1992 च्या लक्ष्मी मुक्ती योजनेतून काही पत्नींची नावे सातबाऱ्यावर लागली.

भूमिहीन घराणी : सालगडी, ऊसतोड मजूर व भटक्या जमातींच्या नोंदी महसुली दप्तरात तुरळक. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा हेच मुख्य साधन.

कुणबी नोंदींचा शोध : मराठा आरक्षण आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर राज्य शासनाने 7 सप्टेंबर 2023 रोजी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या पहिल्या अहवालानुसार मराठवाड्यात सुमारे 1 कोटी 72 लाख कागद तपासून 11,530 कुणबी नोंदी आढळल्या; नंतर समितीचे कार्यक्षेत्र राज्यभर वाढवण्यात आले. कागदांच्या मानाने नोंदी कमी सापडण्याची कारणे निरनिराळी सांगितली जातात. पट्टा व खासरा हे सारावसुलीचे कागद असल्याने त्यांत जात लिहिण्याची गरज सर्वत्र नव्हती, हे त्यांपैकी दप्तराच्या स्वरूपातून निघणारे कारण. 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरमधील नोंदींचा आधार घेऊन गावपातळीवर ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी व सहायक कृषी अधिकारी यांच्या समितीमार्फत चौकशीची पद्धत घालून दिली. जमिनीचा पुरावा नसल्यास 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीच्या वास्तव्याचे प्रतिज्ञापत्र ग्राह्य धरण्याची त्यात तरतूद आहे. या निर्णयाच्या व्याप्तीबद्दल मराठा व इतर मागासवर्गीय संघटनांची मते परस्परविरोधी आहेत. कुळशोधाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की सापडलेली नोंद ज्या पूर्वजाची, त्याच्यापासून अर्जदारापर्यंतची प्रत्येक कडी स्वतंत्र कागदाने सिद्ध करावी लागते. जात पडताळणीत स्वातंत्र्यपूर्व कागदाला अधिक वजन असते, हे सर्वोच्च न्यायालयाने आनंद प्रकरणात (2011) अनुसूचित जमातीच्या दाव्यासंबंधी सांगितले आहे.

इतरत्र : अमेरिकेतील व्हर्जिनियात वसाहतकाळातील घराणी अशीच शोधली जातात. तेथे नागरी जन्मनोंदणी 1853 पर्यंत नव्हती; म्हणून जमिनीची पेटंटे, काउंटी न्यायालयांचे हुकूम व खतांच्या वह्या हाच आधार. सतराव्या शतकात आणलेल्या प्रत्येक माणसामागे 50 एकर मिळत, त्यामुळे एकाच्या जमीनपत्रात अनेकांची नावे येतात. काही काउंटींच्या वह्या सुरक्षिततेसाठी रिचमंडला पाठवल्या गेल्या आणि 1865 च्या आगीत तेथेच जळाल्या.

पडताळा : जुळवलेल्या पिढ्या त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांशी ताडून पाहाव्यात.

सद्यःस्थिती : सातबारा, फेरफार व अनेक जिल्ह्यांतील जुने स्कॅन केलेले अभिलेख संगणकावर मिळतात. मोडी व उर्दू कागदांच्या प्रतिमा उपलब्ध झाल्या, तरी नावांची सूची देवनागरीत नसल्याने पान उलटूनच शोधावे लागते. जाणकार मोडीवाचक थोडे, आणि मोडीबरोबर शिकस्ता उर्दूही वाचणारे त्याहून थोडे. 2023 नंतर भाषांतराची मागणी एकदम वाढली. वाचकाने दिलेल्या देवनागरी लिप्यंतरासोबत मूळ पानाची, मागच्या-पुढच्या नोंदींसह, साक्षांकित नक्कल ठेवणे आवश्यक आहे. कारण एकट्या नोंदीत केलेली खाडाखोड शेजारच्या ओळींच्या शाईवरूनच ओळखू येते.