मोजून खाल्लेले घास

१९२२ सालच्या वसंत ऋतूत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची चौदा वर्षांची मुलगी एलिझाबेथ बर्म्युडात राहत होती. अटलांटिक महासागरातल्या या ब्रिटिश बेटांवर अमेरिकन लोक हवापालटासाठी जात. एलिझाबेथच्या सोबतीला एक परिचारिका होती. मुलीचे अन्न तोलून, ठरल्याप्रमाणेच तिला देणे हे या परिचारिकेचे मोठे काम होते. एलिझाबेथला मधुमेह होता, आणि मोजके खाणे एवढाच त्यावर तेव्हा इलाज होता.

हा इलाज आला कुठून? मधुमेही माणसाच्या लघवीला मुंग्या लागतात, हे आपल्याकडच्या वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होते. १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यांनी अशी लघवी आटवून तिच्यात साखर असल्याचे दाखवले. रुग्णाच्या रक्तातला द्रवभागही गोड लागतो, असे त्यांना आढळले. पुढे १७९७ मध्ये जॉन रोलो या लष्करी शल्यचिकित्सकाने कॅप्टन मेरेडिथ नावाच्या रुग्णाची हकीकत छापली. मेरेडिथची भाकरी-भाजी जवळजवळ बंद करून रोलोंनी त्याला मुख्यतः मांसाहारावर ठेवले. लघवीतली साखर गेली, त्याला बरे वाटू लागले. पिष्टमय पदार्थ कमी करण्याच्या पथ्याची ही पहिली नीट नोंदलेली कहाणी.

पॅरिसचे आपोलिनेर बुशार्दा यांनी या पथ्याला अनुभवाचा आधार दिला. १८७०-७१ मध्ये पॅरिसला जर्मन सैन्याचा वेढा पडला. शहरात अन्नाचा तुटवडा झाला, तेव्हा आपल्या काही रुग्णांच्या लघवीतील साखर नाहीशी झाल्याचे त्यांनी पाहिले. पाव आवडणाऱ्या रुग्णांसाठी त्यांनी पिठातला स्टार्च धुऊन काढून उरलेल्या ग्लूटेनचा पाव करवला होता.

तरीही एक कोडे उरले. हे पथ्य प्रौढ, स्थूल रुग्णांना मानवे. मुले मात्र ते पाळूनही दगावत. कारण हे दोन वेगळे आजार होते. पहिल्यात शरीरात इन्सुलिन असते, पण ते पुरेसा परिणाम करत नाही. मेरेडिथ स्थूल होता. त्याचा आजार बहुधा याच प्रकारचा असावा. दुसऱ्यात स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. मग पिष्टमय पदार्थ बंद केले, तरी यकृत साखर बनवतच राहते. स्निग्ध पदार्थांचे विघटनही आवरत नाही, कीटोन आम्ले साठतात आणि रुग्ण बेशुद्ध होतो. हा फरक हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये स्पष्टपणे मांडला.

एलिझाबेथचा आजार दुसऱ्या प्रकारचा होता. तिचे डॉक्टर फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून ठरवले होते की, नुसती साखर आणि स्टार्च नव्हे, तर एकूण अन्नच कमी केले पाहिजे. अ‍ॅलनपद्धतीत भाज्या तीनदा उकळून पाणी फेकून देत, म्हणजे त्यांतली उरलीसुरली साखरही निघून जाई. अधूनमधून पूर्ण उपवास असे. आहार योग्य आहे की नाही हे कळे लघवीच्या तपासणीवरून. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतले बेनेडिक्टचे निळे द्रावण त्या काळी याच कामासाठी वापरात आले. ते निळेच राहिले तर ठीक. हिरवे, पिवळे, विटकरी झाले, की दुसऱ्या दिवशीचे अन्न आणखी कमी.

१९१९ मध्ये सुमारे ३४ किलो असलेली ही मुलगी ऑगस्ट १९२२ मध्ये टोरांटोला फ्रेडरिक बँटिंग यांच्याकडे आली, तेव्हा तिचे वजन २० किलोच्या आसपास होते. बँटिंग आणि बेस्ट यांचे संशोधन आदल्याच वर्षीचे; इन्सुलिन नुकतेच माणसांना मिळू लागले होते. काही आठवड्यांतच तिचा आहार दोन हजार उष्मांकांच्या पुढे गेला. अनेक वर्षांनी तिच्या ताटात पाव आला. एलिझाबेथ १९८१ पर्यंत जगली. पथ्याने तिला बरे केले नव्हते. औषध येईपर्यंत जिवंत ठेवले होते.

इन्सुलिन आले, पण मोजमाप गेले नाही; त्याचा अर्थ बदलला. पूर्वी जास्त खाण्याची भीती होती. इन्सुलिन घेणाऱ्याला आता कमी खाण्याचीही भीती असते. परदेशी गेलेला रुग्ण अनोळखी पाव, भात, बटाटे पाहून ते सगळेच टाळतो आणि इन्सुलिनची मात्रा मात्र नेहमीचीच घेतो. मग रक्तातील साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ ही त्याची लक्षणे. म्हणून पिष्टमय पदार्थ कमी करायचे, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधाची मात्राही बदलावी लागते. प्रवासात रक्तशर्करा मोजण्याचे यंत्र आणि ग्लुकोज किंवा साखर जवळ हवी. इन्सुलिन विमानात हातातल्या पिशवीत ठेवावे, कारण सामानकक्षात ते गोठण्याचा धोका असतो आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

शाळेच्या सहलीतही हेच लागू आहे. वर्गातला एखादा मुलगा इन्सुलिन घेत असेल आणि जेवण तासभर लांबले, तर त्याच्याजवळ खायला काही आहे का, हे शिक्षकांनी आधीच पाहून ठेवावे. असा मुलगा घामाघूम झाला, अडखळत बोलू लागला, तर तो शुद्धीवर असतानाच त्याला लगेच साखर द्यावी. बेशुद्ध झाला तर तोंडात काही घालू नये. तत्काळ रुग्णालयात न्यावे.