ठोका एक, आवाज दोन

गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड आपण सर्वांनीच ऐकलेला असतो. आठ रबरी चौकोन, दोन काठ्या आणि कर्ण्यांतून ढोलकीपासून झांजेपर्यंत हवा तो आवाज. हे वाद्य बिघडते ते मात्र ढोलकीसारखे नाही. पान फाटत नाही, दोरी सैल पडत नाही. काठी एकदा पडते आणि आवाज दोनदा येतो. डावीकडच्या पॅडवर मारावे तर उजवीकडचे बोलते. हलका ठोका तर ऐकूच येत नाही. 'मशीन गेले' असे म्हणून वादक मोकळा होतो. पण पुष्कळदा मशीन धडधाकट असते. एक ठोका कशाला म्हणायचे, हे त्याला नीट सांगितलेले नसते. या प्रश्नाचा इतिहास मनोरंजक आहे.

१८८० साली पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्युरी या भावांना असे आढळले, की क्वार्ट्‌झ, टुर्मलीन यांसारख्या स्फटिकांवर दाब दिला तर त्यांच्या पृष्ठभागावर विद्युत्‌भार प्रकट होतो. यालाच दाबविद्युत् म्हणतात. (उसाच्या साखरेच्या स्फटिकातही त्यांना हा गुण सापडला होता, हे वर्गात जरूर सांगावे!) पहिल्या महायुद्धात लांजव्हँ यांनी पाणबुड्या शोधण्यासाठी क्वार्ट्‌झ वापरले. पुढे हाच गुण असलेली स्वस्त सिरॅमिक द्रव्ये तयार करता आली. गॅसच्या लायटरचा खटका दाबला की ठिणगी पडते, ती याच गुणामुळे. पॅडच्या रबराखाली साधारणपणे असते ती अशाच सिरॅमिकचा थर दिलेली पितळेची पातळ चकती.

तालयंत्रांना सुरुवातीला या चकतीची गरज नव्हती. १९८० साली अमेरिकेत रॉजर लिन यांचे एलएम-१ आणि जपानमध्ये रोलँड कंपनीचे टीआर-८०८ बाजारात आले. पहिल्यात खऱ्या ड्रमचे आवाज अंकरूपात साठवलेले होते, तर दुसरे विद्युत्‌मंडलांतून आवाज निर्माण करी. दोन्हींत ताल बटणे दाबून आखायचा असे, आणि बटण दाबले की नाही याबद्दल यंत्राला शंका येण्याचे कारण नव्हते. १९८१ साली इंग्लंडमधल्या सिमन्स कंपनीने षट्कोनी पॅडांचा एसडीएस-५ हा संच आणला आणि वादकाच्या हातात काठी परत दिली. पॅडांचा पृष्ठभाग इतका कडक होता, की मनगटे दुखत असल्याची तक्रार वादक करीत. काठीबरोबर आमचा प्रश्नही आला.

तो समजण्यासाठी पट्टी टेबलाच्या कडेबाहेर धरून टिचकी मारा. टिचकी एक, पण पट्टी कितीतरी वेळ हलते. पॅडचेही तसेच. समजा, ते सेकंदाला २०० कंपने करते. मग चकतीकडून दर ५ मिलिसेकंदांनी विद्युत्‌दाबाचा एक उंचवटा येणार, प्रत्येक आधीच्यापेक्षा ठेंगणा. यंत्र सांगते, 'अमुक उंचीच्या वरचा उंचवटा म्हणजे ठोका.' हा झाला उंबरठा. तो खाली ठेवला तर एका ठोक्याचे चार होतात. वर नेला तर हलके ठोके बाहेरच राहतात. म्हणून दुसरा नियम करावा लागला. एक ठोका मोजला की काही मिलिसेकंद कान बंद ठेवायचे. किती? दोन्ही हातांनी सेकंदाला १६ ठोके मारणाऱ्या वादकाच्या दोन ठोक्यांत जेमतेम ६२ मिलिसेकंद असतात, आणि मुद्दाम जोडून मारलेले दोन ठोके त्याहूनही जवळ पडतात. कान फार वेळ बंद ठेवले तर खोट्याबरोबर खरा ठोकाही जातो. दोन्हींना न्याय देणारा एकच आकडा मिळत नाही. म्हणून तर ही मूल्ये वादकाला बदलता येतात.

१९८३ साली 'मिडी' ही सर्व कंपन्यांच्या वाद्यांसाठी समाईक भाषा आली. तिच्यात एक ठोका म्हणजे तीन संख्या: संदेशाचा प्रकार, कोणता स्वर आणि किती जोर. जोर १ ते १२७. सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने ३० बिटांचा हा निरोप पोचायला सुमारे १ मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात हवेत ध्वनी ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे ही दिरंगाई क्षुल्लकच. १९८५ चा रोलँडचा पहिला ऑक्टोपॅड, पॅड-८, फक्त असे निरोपच पाठवी. त्याला स्वतःचा आवाज नव्हता.

या निरोपांमुळे 'दोनदा आवाज' या लक्षणाला दुसरे कारण मिळाले. पॅडचे यंत्र संगणकाला जोडलेले असते, ठोक्याचा निरोप तिकडे जातो, परत येतो आणि यंत्र पुन्हा वाजते. उंबरठा कितीही वर नेला तरी हा दोष जात नाही. ओळखायचा कसा? संगणकाची वायर काढा. आवाज एकच झाला तर चकती निर्दोष. डॉक्टर ताप पाहून थेट औषध देत नाही, तसेच हे. शेजारचे पॅड बोलत असेल तर ते स्टँडवरून काढून हातात धरा आणि पहिल्यावर ठोका मारा. शांत राहिले तर कंपने लोखंडी नळीतून येत होती. पॅड मुकेच असेल तर चालू पॅडची वायर त्याला लावून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढेच पथ्य. घाईत तीन बटणे फिरवणारा माणूस दोष घालवतोही कधी, पण तो कुठे होता हे त्याला कळत नाही.

१९९७ साली रोलँडच्या टीडी-१० संचात रबराऐवजी जाळीचा ताणलेला पडदा आला. काठी त्यावर खऱ्या ड्रमसारखी उसळते, आणि असा पडदा अर्थातच रबरापेक्षा जास्त वेळ थरथरतो. मनगटाची सोय झाली, यंत्राचे काम वाढले.

आपल्या तबल्याचे काय? ऑक्टोपॅडवर 'धा' वाजतो, तो आधी कोणी वाजवून साठवलेला असतो. डग्ग्यावर थाप पडल्यानंतर मनगट सरकवून आवाज चढवतात, ती क्रिया ठोका संपल्यावर घडते. त्या तीन संख्या तोवर निघून गेलेल्या असतात.