मांड न सोडलेली स्वार : लिस हार्टेल

हेलसिंकी, जुलै १९५२. ऑलिंपिकमधील ड्रेसाज स्पर्धेचा निकाल लागला. रौप्यपदक डेन्मार्कच्या लिस हार्टेलला मिळाले होते, पण तिला घोडीवरून एकटीने उतरता येत नव्हते. विजयमंचावर चढण्यासाठी तिला आधार दिला तो सुवर्णविजेत्या हेन्री सेंट सीर या स्वीडिश अधिकाऱ्याने. गुडघ्यांखाली तिचे दोन्ही पाय निकामी होते.

ड्रेसाजमध्ये शर्यत नसते, उड्या नसतात. आखलेल्या रिंगणात घोड्याची चाल, वळणे, लय आणि संयम यांची परीक्षा होते. स्वाराने दिलेली आज्ञा बघणाऱ्याला जवळजवळ कळूच नये, यातच सारे कौशल्य. या आज्ञांपैकी बहुतेक स्वाराच्या पायांतून जातात. हार्टेलकडे नेमके तेच साधन उरले नव्हते.

सप्टेंबर १९४४. डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात होता. तेवीस वर्षांची हार्टेल तोवर देशातील नावाजलेली स्वार झाली होती आणि दुसऱ्यांदा आई होणार होती. अशा वेळी तिला पोलिओने गाठले. पायांबरोबर हातांवरही परिणाम झाला. बाळ सुखरूप जन्मले, आई मात्र आपला हात उचलण्यापासून सारे नव्याने शिकत होती. कुबड्यांवर चालता आले तरी पुष्कळ, अशी त्या काळी अशा रुग्णांबाबतची अपेक्षा. हार्टेलला मात्र खोगिरावर परतायचे होते.

घोड्याने तिला बरे केले, असे ही कथा सांगताना सर्रास म्हटले जाते. ते खरे नाही. तिच्या पायांतील बळ कधीच परतले नाही. घोडीवर चढवायला आणि उतरवायला अखेरपर्यंत माणूस लागे. बदलली ती भाषा. टाचेने द्यायचा इशारा ती पाठीच्या कण्यातून, कमरेतून, शरीराचा भार किंचित इकडेतिकडे सरकवून देऊ लागली. मराठीत ज्याला मांड म्हणतात, तीच तिची वाणी झाली. आणि ही भाषा एकटीने शिकून भागत नाही. ज्युबिली या तिच्या घोडीलाही ती शिकावी लागली. आजारानंतर अवघ्या तीन वर्षांत, १९४७ मध्ये, हार्टेलने स्कँडिनेव्हियन स्पर्धेत दुसरे स्थान मिळवले.

तरीही ऑलिंपिकचे दार बंदच होते. कारण तिचा आजार नव्हे. ती स्त्री होती आणि सैन्याधिकारी नव्हती! १९४८ पर्यंत ऑलिंपिकच्या अश्वस्पर्धा केवळ कमिशनप्राप्त अधिकाऱ्यांसाठी राखीव होत्या. हा नियम किती कडवा होता, हे लंडन १९४८ च्या प्रकरणावरून कळते. स्वीडनने ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकले. पुढे उघड झाले की संघातील येनेल पेर्सन हा मुळात सार्जंट, खेळांपुरती त्याला अधिकारीपदाची बढती दिलेली. पदक काढून फ्रान्सला देण्यात आले. घोडा तोच, कसब तेच. खांद्यावरची पट्टी तेवढी आड आली. या नामुष्कीनंतर नियम बदलला आणि १९५२ मध्ये सामान्य नागरिकांना व ड्रेसाजपुरता स्त्रियांनाही प्रवेश मिळाला. पेर्सनही त्या वर्षी परतला आणि स्वीडनच्या सुवर्णविजेत्या संघात होता.

हेलसिंकीत ड्रेसाजच्या रिंगणात चार स्त्रिया उतरल्या. सेंट सीरचे गुण ५६१, हार्टेलचे ५४१.५ आणि तिसऱ्या आलेल्या फ्रान्सच्या आंद्रे जुसोमचे ५४१. अर्ध्या गुणाने मिळालेले हे रौप्य दयेपोटी दिलेले नव्हते, हे वेगळे सांगायला नको. चार वर्षांनी तिने पुन्हा रौप्यच जिंकले. हे १९५६ चे ऑलिंपिक मेलबर्नला होते, पण ऑस्ट्रेलियाच्या विलगीकरणाच्या कडक नियमांमुळे अश्वस्पर्धा स्टॉकहोमला झाल्या. त्याच स्पर्धेत जर्मनीच्या तीन स्त्रियांच्या संघाने सांघिक रौप्य मिळवले.

हेलसिंकीच्या पदकाला काही आठवडे होतात न होतात, तोच कोपनहेगनवर पोलिओची भीषण साथ कोसळली. श्वास थांबलेल्या रुग्णांना जगवण्यासाठी वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून तासन् तास हाताने हवेची पिशवी दाबत बसले. आजच्या अतिदक्षता विभागांची सुरुवात तिथे झाली. साल्कची लस सर्वांसाठी खुली व्हायला अजून तीन वर्षे होती. अशा युरोपात हार्टेलचे यश केवळ क्रीडावार्ता राहणे शक्य नव्हते.

नॉर्वेत एल्सेबेट बोटकर या भौतिकोपचारतज्ज्ञ महिलेने अपंग मुलांना घोडेस्वारी शिकवायला सुरुवात केली. नेदरलँड्समध्ये अपंगांच्या घोडेस्वारीसाठी हार्टेलच्या नावाने संस्था उभी राहिली. उपचारामागचे शास्त्र साधे आहे. संथ चालणारा घोडा स्वाराच्या कमरेला पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली अशी जी हालचाल देतो, ती माणसाच्या स्वतःच्या चालण्याशी बरीच जुळते. ज्याचे पाय चालत नाहीत, त्याच्या कण्याला व स्नायूंना तोल सावरण्याचा सराव मिळतो. शिवाय एवढ्या मोठ्या जनावराला जपायचे, त्याचा विश्वास मिळवायचा, हे कामही हाती येते. एरवी रुग्णाची काळजी सारे घेतात, त्याच्यावर कुणाची जबाबदारी टाकत नाहीत.

१९६९ मध्ये ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत अशा घोडेस्वारीच्या राष्ट्रीय संघटना स्थापन झाल्या. १९९६ च्या अटलांटा पॅरालिंपिकमध्ये ड्रेसाजला स्थान मिळाले, तेव्हा हार्टेल ७५ वर्षांची होती.