अंदाजपत्रकाबाहेरचा खर्च

साताऱ्यातील मंगळवार पेठेत आमची मोकळी जागा होती. १९४९ साली आजोबांनी तिथे भाड्याच्या चार खोल्या बांधल्या. त्यांचे अंदाजपत्रक माझ्याकडे आहे : विटा, चुना, सागवान, कौले, गवंड्याची मजुरी आणि शेवटी, भाड्यातून पैसा किती वर्षांत फिटेल याचा हिशेब. हिशेब चोख आहे. गृहीत मात्र एक आहे, भाडे काळाबरोबर वाढेल.

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने नेमके तेच थांबवले होते. युद्धानंतरच्या घरटंचाईत भाडेकरूंना संरक्षण हवेच होते. प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० चे. घर त्यानंतर प्रथमच दिले असेल, तर ते पहिले भाडे. करवाढ आणि सुधारणा यांपुरती वाढ घेता येई, महागाईपुरती नाही. पुढे वर्षभराच्या भाड्यात आमची शाकारणीही भागेना. भिंतींना ओल आली, ती आम्ही आणि भाडेकरू दोघांनीही सोसली.

ही गोठवणूक आता वाजवी राहिली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. महाराष्ट्राचा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली.

आजोबांनी घर बांधले त्याच वर्षी साताऱ्यातून ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा वेगळा झाला. तोच आजचा सांगली. तिथे माझा मामेभाऊ सध्या रिकाम्या प्लॉटवर भाड्याचे घर बांधतो आहे. सिमेंट, सळई, वाळूचे ब्रास त्याने मांडले आहेत. २०१९ चा पूर पाहिल्यामुळे जोतेही उंच धरले आहे. मी त्याच्या कागदावर एकच ओळ वाढवली : दरवर्षीची दुरुस्ती. आजोबांनी ती भाडेवाढीच्या भरवशावर सोडली होती.